सेलवरचं घड्याळ

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेली नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — कदाचित म्हणूनच तुमच्यापाशी बोलायला जमतंय.

माझ्या मनगटावरचं घड्याळ सेलवर चालतं. बस, एवढंच? हो, सुरुवात एवढ्याशाच गोष्टीपासून आहे. तबकडीत तीन छोट्या तबकड्या आणि एका खिडकीत चंद्र — पौर्णिमेला पूर्ण दिसतो, अमावास्येला लपतो. असं चावीचं घड्याळ घ्यायचं तर आमच्यासारख्याला घर विकावं लागेल. मी हे स्वस्तातलं इंदूरला घेतलं, आवडलं म्हणून. त्यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण देवासातली आमची जुन्या दरबारी घराण्यांतली मंडळी — आता सगळे पेन्शनर, ऐट मात्र तीच — त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "चावीचं ना, भिया?" आणि मी हो म्हणून बसलो.

मग ते निभावणं आलं. रोज सकाळी चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत, मी चावी फिरवल्याचं सोंग करायचो. अजूनही करतो. माणूस किती थकतो हो अशा फुटकळ सोंगांनी!

पण सांगायचंय ते हे नाही. मी टाळतोय — कळतंय मला.

मुलाचं लग्न झालं, त्या वर्षीचा दसरा. सून मेघना, धारची. हिंदी शाळेत शिकलेली, मराठी वाचताना अडखळायची; पण मला "मामंजी" म्हणायची, तिच्या आजीने शिकवलं होतं तसं. आमच्याकडे दसऱ्याला पाटावर शस्त्रं मांडून पूजा होते. त्या सकाळी तलवार, कट्यार आणि माझं घड्याळ — सगळं तिनेच पुसलं, मांडलं, वर झेंडू वाहिला. किती निगुतीने करत होती! संध्याकाळी सोनं द्यायला मंडळी आली. एकाने कौतुकाने घड्याळ उचललं.

"अरे भिया, हे तर बंद पडून गेलं! चावी नाही दिली का?"

सेल संपला होता. मला आधीच कळलं होतं — सेकंदकाटा अडखळत उड्या मारायला लागला होता. देवासात सेल बदलायला गेलो असतो तर गावभर झालं असतं, आणि इंदूरला जायचा मी कंटाळा केला. आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सकाळी सूनबाईंच्या हातून पडलं."

ती दारातच उभी होती, हातात कचोऱ्यांचं ताट. मला वाटलं, आता ती नाही म्हणेल. म्हणायला हवं होतं ना? ती म्हणाली, "मला कळलं नाही, मामंजी. पुसताना लागलं असेल कुठे." मी खोटं बोलेन, हे तिच्या मनातही आलं नाही. स्वतःच्या हातांपेक्षा तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

"धारला वस्तू धरायला शिकवत नाहीत वाटतं," माझी बायको सगळ्यांसमोर म्हणाली. मी पुढ्यातली कचोरी संपवली.

नंतर इंदूरला जाऊन सेल घालून आणला आणि "दुरुस्त झालं" म्हणालो. मेघना मात्र घरात कायमची धांदरट ठरली. गौरींचे मुखवटे तिच्या हाती देत नाहीत. हल्ली कुणी दिले तरी तीच मागे सरते.

परवा नात माझ्या टेबलापाशी आली, चंद्र बघायला. घड्याळाला हात लावणार, तोच मेघनाने तिचा हात धरून मागे ओढला. "नको बाळा. आईने एकदा बिघडवलंय ते. तू माझ्यासारखी होऊ नकोस."

मी घड्याळ उचललं आणि दोघींसमोर चावी दिली.