पदांच्या पुस्तिका आणि पेन्सिलीच्या रेघा

संगीत नाटकाची आवड असलेल्या माणसाला काय वाचायला द्यावं, याची यादी माझ्याकडे पाठ होती. आधी गायक नटांची आत्मचरित्रं, मग संगीत रंगभूमीचे जाडजूड इतिहास, आणि एवढं पचवून वाचक परत आलाच तर मूळ नाटकांच्या नव्या, संपादित आवृत्त्या. लालबागच्या एका गल्लीत, चाळीच्या तळमजल्यावर आमचं ग्रंथालय आहे. तिथे एकतीस वर्षं मी माणूस बघून पुस्तक काढून देते. निवड चुकत नाही असा माझा लौकिक आहे आणि तो मीच बराचसा पसरवलेला आहे. मला स्वतःला गाण्यातलं काडीचंही कळत नाही, हे मात्र मी कुणाला सांगत नसे.

दोन वर्षांपूर्वी, मसाल्याच्या दिवसांत, एक गृहस्थ नाव नोंदवायला आले. शेजारी मिरची कांडायचं यंत्र धडधडत होतं आणि आम्ही सगळे शिंकत होतो. ते ऐंशीच्या पुढचे, धुवट सदरा, खिशाला पेन. आल्याआल्या एवढ्या मोठ्याने बोलले की वर्तमानपत्रांच्या टेबलावरची चारही डोकी वर झाली.

"संगीत नाटकातला कायतरी वाचूक दी, बाय."

त्या टेबलावर रोज बसणारे एक गृहस्थ भोईवाड्याच्या कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी न बोलता भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवलं. नव्या काकांनी पाटी वाचली, पसंतीची मान हलवली आणि तितक्याच मोठ्याने म्हणाले, "मी बहिरो आसंय. लिवून सांग काय ता."

तेव्हापासून आमचं बोलणं असं चाले. ते बोलत आणि मी जुन्या नोंदकार्डांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिही. त्यांचं अर्धं आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात गेलं होतं. दिवसा मागाचा खडखडाट, आणि पाळी सुटली की गिरगावातल्या नाटक मंडळीत पायपेटीवर. पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. नाटकं बंद झाली, मग गिरणी बंद झाली, आणि मागांनी पोखरलेले कान हळूहळू पार गेले. कानातलं यंत्र घेऊन पाहिलं, तर त्यातूनही मागच ऐकू येतात, म्हणाले.

मी यादीप्रमाणे पहिलं आत्मचरित्र दिलं. चार दिवसांत परत.

"हेच्यात तेंचे शालू आसत, मानपत्रां आसत, बायकोचा दुखणा आसा. गाणा खंय आसा?"

मला राग आला. हे पुस्तक आमच्याकडे तीनदा नवीन बांधून घ्यावं लागलंय, इतकं वाचलं जातं. मग इतिहास दिला. तो दुसऱ्या दिवशीच परत आला, वर शेरा, की लिहिणारा एकदाही थेटरात गेलेला नसतलो. कोर्टवाले गृहस्थ वर्तमानपत्राआड हसले, ते मला दिसलं. शेवटी मी हुकमाचा एक्का काढला. एका प्रसिद्ध संगीत नाटकाची नवी आवृत्ती, गुळगुळीत कागद, अभ्यासपूर्ण प्रस्तावना. काकांनी उभ्याउभ्याच पहिलं पद काढलं, त्याच्या वरच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "वरची ओळ खंय गेली?"

कुठली ओळ, मी लिहिलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी नाटकाला गेलं की दारात पदांची पुस्तिका विकत मिळे. तिच्यात प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल छापलेली असे. चाल म्हणजे ज्या ओळखीच्या जुन्या गाण्यावर हे पद बेतलं, त्याचे पहिले दोन शब्द. नव्या आवृत्तीच्या संपादकांनी ती ओळ गाळून टाकली होती.

"माका वाचूचा नाय, बाय. आयकूचा आसा," काका म्हणाले. "डोक्यात सगळा आसा. पण सुरवात गावना नाय. ती ओळ दिसली काय पुढचा आपसूक येता. गेल्या वर्षात धा-बारा पदां गेली माजी. अशीच जात रवली तर मी नुसतो बहिरो रवान."

शेवटचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच हळू म्हटलं. कार्ड माझ्या हातात होतं, पण लिहायचं होतं ते लिहायची लाज वाटत होती. तशा पुस्तिका आमच्याकडे होत्या. दोन पोती भरून. सहा वर्षांपूर्वी रंगकाम काढलं तेव्हा मीच त्या रद्दीत घातल्या. चाळीस पानं नाहीत, पाठीला कणा नाही, फळीवर उभ्या राहत नाहीत, वाचणार कोण? अगदी हेच शब्द मी समितीच्या सभेत ऐटीत बोलले होते. तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी मात्र एक गठ्ठा होता. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या कपाटात, नऊवारींच्या खाली, सुतळीने बांधलेल्या सतरा पुस्तिका. परळच्या आमच्या चाळीतल्या तिघीचौघी मिळून गिरगावात नाटकाला जात, त्यातल्या. ती गेल्यावर मी कपाट आवरलं, पण त्या गठ्ठ्याची सुतळी कधी सोडली नाही. आईचं हे वेड मला लहानपणी कंटाळवाणं वाटे आणि मोठेपणी थोडं हास्यास्पद. दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन गेले आणि सुतळी काकांसमोर सोडली.

काकांनी वरची पुस्तिका घेतली. टेबलाखाली चपला काढल्या. पेटीला चपला घालून पाय लावत नसत, हे मला नंतर कळलं. पुस्तिका समोर उभी टेकवली आणि पहिल्या पदाच्या वरच्या ओळीवर नजर ठेवून तसेच बसून राहिले. मग फरशीवर त्यांची पावलं हलायला लागली, एकदा डावं, एकदा उजवं, न थांबता. बोटं टेबलाच्या कडेवर आली. पद चार ओळींचं होतं. मी घड्याळ पाहिलं. त्यांनी पान उलटलं तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

एकतीस वर्षांत मी पुष्कळ वाचक पाहिले. भराभरा वाचणारे, पुस्तकावर झोपणारे, वाचताना ओठ हलवणारे. असं वाचताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. हा माणूस चार ओळी अकरा मिनिटं ऐकत होता. त्यातल्या ताना, जागा, गाणाऱ्याने घेतलेला दम, सगळं तिथे होतं आणि आम्हां कुणाला ऐकू येत नव्हतं. मी थक्क होऊन बघत राहिले. एक सभासद पुस्तक बदलून घ्यायला खोळंबला होता, त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या पदाला ते थबकले. समासात पेन्सिलीच्या तीन बारीक उभ्या रेघा होत्या. "ह्यो कोणाच्यो?"

आईच्या, मी लिहिलं. प्रेक्षकांतून वन्समोअर आला की ती एक रेघ ओढायची. ही एक गोष्ट मला माहीत होती, कारण त्यावरून आम्ही भावंडं तिला चिडवत असू.

काकांनी कार्ड दोनदा वाचलं. मग ते पद त्यांनी पुरतं म्हटलं, म्हणजे मनात, आणि संपल्यावर पान न उलटता पुन्हा पहिल्या ओळीवर आले. पुन्हा पाय. असं तीनदा. जेवढ्या रेघा, तेवढे वन्समोअर. आईचा शब्द त्यांनी मोडला नाही. आईच्या या रेघांना आमच्या घरात कुणी कधी एवढा मान दिला नव्हता.

मग ते रोज दुपारी येऊ लागले. दिवसाला दोन पदं, फार तर तीन. गेलेली पदं एकेक करून परत येत होती. आली की ते मला दोन बोटं, तीन बोटं असा हिशेब दाखवत आणि खूश होऊन घरी जात. कोर्टवाले गृहस्थ आता पाटी दाखवत नसत. उलट काका वाचत असताना कुणी खुर्ची ओढली तर त्यांच्याच कपाळावर आठ्या पडत.

पाचवी का सहावी पुस्तिका चालू असताना काका शेवटच्या अंकाशी आले आणि एकदम भडकले. शेवटच्या पदावर बोट आपटून म्हणाले, "हेका एकय रेघ नाय? वन्समोअर घेतल्याबिगर हेचो पडदो कधी पडाक नाय. मी सोता होतंय पेटीर."

मी लिहिलं, आई विसरली असेल.

त्यांनी गठ्ठ्यातली दुसरी पुस्तिका काढली, शेवटची पानं पाहिली. मग तिसरी. मग सगळ्या. सतराच्या सतरा पुस्तिकांत शेवटच्या अंकाचा समास कोरा होता. मग माझ्याकडे पाहून ते अगदी सावकाश म्हणाले, "बाय, तुजी आवस आदीच उठान जायची."

शेवटच्या अंकाआधीच आई उठून जायची. माझे बाबाही गिरणीतच होते. त्यांची दुसरी पाळी मध्यरात्री सुटे आणि घरी आल्यावर त्यांना ताटात गरम भाकरी लागे. नाटकं लांबत. आई नेहमी बाबांच्या आधी घरी असायची, स्टोव्ह पेटलेला असायचा, भाकरी थापता थापता ती काहीतरी गुणगुणत असायची. मी अर्धवट झोपेत विचारत असे, मग शेवटी काय झालं गं? आणि ती म्हणे, "शेवट गोडच असतो, झोप." दर वेळी हेच. मला वाटे, सांगायचा आळस करते. तिला शेवट ठाऊकच नव्हता. सतरा नाटकं पाहिली आणि एकाचाही पडदा पडताना पाहिला नाही. आम्ही मात्र तिला नाटकवेडी म्हणून चिडवत होतो.

मी हे सगळं लिहिलं नाही. कार्डावर एवढंच लिहिलं की बाबांची पाळी सुटायच्या आत तिला घर गाठावं लागे.

काकांनी कार्ड वाचून खिशात ठेवलं. पुस्तिका नीट टेकवली, पाय जमिनीवर लावले. मला वाटलं, नेहमीसारखं वाचतील. पण त्यांनी तोंड उघडलं आणि गायला सुरुवात केली.

पहिला स्वर फुटलाच. आवाज इतका चढा की पुस्तक शोधणाऱ्या दोन मुली दचकल्या. शेजारचं कांडप चालूच होतं. काकांना ना त्याचा आवाज ऐकू येत होता, ना स्वतःचा. ते फक्त पावलांवर आणि बोटांवर चालले होते. दुसऱ्या ओळीला आवाज खाली उतरला, तिसरीला कुठेतरी टेकला, आणि मग तो पुढे पुढे जात राहिला. मला गाण्यातलं कळत नाही, म्हणून मला दिसलं तेवढंच सांगते. एक म्हातारा माणूस, ज्याच्या कानांत काहीही शिरत नाही, रिकाम्या टेबलावर वाजवत माझ्या आईने न ऐकलेला शेवट म्हणत होता. मी रडत होते आणि ते मी लपवलं नाही. दाराशी रस्त्यावरची माणसं येऊन उभी राहिली होती, त्यातला एक तर पाठीवर मिरच्यांचं पोतं तसंच घेऊन.

पद संपलं. काकांचे पाय थांबले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे, आणि मग मान खाली घालून विचारलं, "गाणा सुरात होता?"

त्यांना आता ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. आणि मी कार्ड समोर घेऊन बसलेली, सुराची ओळख नसलेली बाई. हो लिहिलं असतं तर ते त्यांना पटलं नसतं, कारण एवढ्या दिवसांत माझं पाणी त्यांनी ओळखलं होतं. तेवढ्यात वर्तमानपत्रांच्या टेबलाकडून, कोर्टात पुकारा करावा तशा सपाट आवाजात, ते गृहस्थ म्हणाले, "वन्समोअर."

काकांना अर्थातच ते ऐकू गेलं नाही. ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते. मी कार्ड बाजूला सारलं, ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, आईची पुस्तिका माझ्याकडे वळवली आणि शेवटच्या पदाशेजारी, कोऱ्या समासात, एक उभी रेघ ओढली.

पुस्तिका परत त्यांच्यासमोर टेकवून ठेवली आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, मान वळवून त्या टेबलाकडे एकदा पाहिलं, आणि टेबलाखाली त्यांचे पाय पुन्हा हलायला लागले.