काळ्या घुबडाचा चेहरा

अबुंदिओ तेकुआपेत्ला माझ्या गाडीवर रोज भरल्या पावाचा तोर्ता खातो आणि रोज म्हणतो, "फ्रोसी, मिरची कमी पडली." वीस वर्षं झाली. मिरची कधीच कमी नसते. माणसाला बोलायला निमित्त लागतं, एवढंच.

हाच तो काळं घुबड नावाचा पैलवान, हे आज आमच्या पुएब्ला शहरात किती जणांना ठाऊक आहे? तो मुखवटा घालून रिंगणात आला की अख्खं मैदान उभं राहायचं. मग एका सोमवारी सोनेरी खाटीक नावाच्या पैलवानाशी मुखवट्याची पैज लागली आणि हा हरला. रीतच आहे: हरणाऱ्याने तिथल्या तिथे मुखवटा उतरवायचा, नाव-गाव सांगायचं आणि तो मुखवटा पुन्हा जन्मात घालायचा नाही. मी पहिल्या रांगेत होते, ढसाढसा रडले. दुसऱ्या आठवड्यापासून त्याला कुणी ओळखेना. पुढे तो गॅसच्या टाक्यांची गाडी चालवायला लागला.

आता ही नायेली. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसून कुस्तीचा पॉडकास्ट करते. व्हिडिओ गेममध्ये तिने काळं घुबड बनवलंय आणि कुठली कुठली पोरं ते घेऊन खेळतात म्हणे. एकदा गाडीवर येऊन तिने फोन अबुंदिओसमोर धरला. घुबडाने रिंगणाच्या दोरावरून झेप घेतली.

"बरा उडतो गं," तो म्हणाला. "माझे गुडघे एवढे चांगले कधीच नव्हते."

"काका, शंभरावा भाग आम्ही मैदानातच करतोय, लोकांसमोर. तुम्ही याच. फक्त मुखवटा घालून या हं. लोक घुबडाला बघायला येणार."

मला कोण आनंद! मीच त्याच्या मागे लागले. "अरे, खाटकाला जाऊन सहा वर्षं झाली. आता हरकत घ्यायला आहे कोण?"

त्याने तोर्ता खाली ठेवला. "म्हणूनच. तो असता तर पाय धरून परवानगी मागितली असती. तुला काय वाटतं, मला हौस नाही? रोज सकाळी वाटतं, एकदा घालावा. एकदाच." आणि मी मेली काय बोलले? "हेकट म्हातारा!" चार दिवस तो गाडीकडे फिरकला नाही.

शंभराव्या भागाच्या रविवारी मैदानात जो तो काळ्या घुबडाचा मुखवटा घालून आलेला. मीही, त्याच्यावरच्या रागाने विकत घेतलेला. आणि हा आला इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, उघड्या चेहऱ्याने. दारातला एक मुखवटा घातलेला माणूस त्याला म्हणतो, "आजोबा, जरा बाजूला व्हा, घुबड येणार आहे."

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. अबुंदिओ मात्र गुमान बाजूला झाला, भिंतीकडेने पुढे गेला आणि एकेक गुडघा सांभाळत दोरांमधून आत शिरला. नायेलीने माइक दिला.

"अबुंदिओ तेकुआपेत्ला," तो म्हणाला. "गाव वेहोत्सिंगो. अठरा वर्षं कुस्ती केली."

त्या सोमवारी बोलला होता तीच वाक्यं. तो एकटा उभा, समोर शेकडो घुबडं. मला राहवेना. मुखवटा ओढून काढला आणि ओरडले, "मिरची कमी पडली का रे, म्हाताऱ्या?"

तो हसला. मग माझ्या शेजारच्या जाड्याने मुखवटा काढला, मग दारातल्या त्या मघाच्याने. मग मला नीट दिसेना, डोळे कुठे कोरडे होते!

आठवड्याने नायेली पुन्हा फोन घेऊन गाडीवर आली. गेममधल्या घुबडाचा मुखवटा तिने काढून टाकला होता. आत अबुंदिओचा चेहरा, सुरकुत्यांसकट. त्याने चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिलं.

"नाक चुकलंय."

"मुद्दाम सरळ केलं, काका. रुबाबदार दिसता."

"वाकडं कर. ते खाटकाने मोडलंय. त्याची मेहनत आहे ती, पोरी. पुसू नकोस."