दाजींनी जाळलेला गेम

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कुठल्याही वस्तूवर लिहिलेलं वाचायची सवय नाही. दुष्काळाच्या त्या वर्षांत ते शहराबाहेर प्लॉट विकायचे. जिथं प्यायलासुद्धा टँकर यायचा, तिथं ते फलकावर ‘चोवीस तास पाणी’ असं रंगवून घ्यायचे, आणि लोक प्लॉट घ्यायचेही. त्यातून दाजींना जगातलं सगळं कळायला लागलं.

एका रविवारी ते आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी जेवायला आले. बाबा आपला जुना हातातला व्हिडिओ गेम मांडीवर घेऊन बसले होते. करडा, विटेसारखा जाड. वाळूजच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं जाताना तो बाबांना दिला होता. वरून पडणारे ठोकळे नीट रचायचे, एवढाच खेळ. देवगाव रंगारीहून शहरात आलेले बाबा नोकरीभर शिफ्टच्या बसमध्ये ठोकळे रचत राहिले. रिटायर झाल्यावर नळाची वाट बघत रचायला लागले. नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळं वेळ भरपूर.

त्या दिवशी गेमच्या अ‍ॅडॅप्टरची वायर तुटली होती. जेवणं झाली की मी ती जोडणार होते. दाजींना तेवढा दम निघाला नाही. त्यांनी इंटरनेटच्या डब्याचा अ‍ॅडॅप्टर उपटला.

“दाजी, तो बारा व्होल्टचा आहे. ह्याला सहा लागतात!” मी स्वयंपाकघरातून ओरडले.

“पिन बसती ना? मग झालं.”

पिन बसली. पडदा एकदम काळा झाला, विझला आणि जळका वास सुटला. दाजींनी गेम कानाशी धरून हलवला, नारळ बघतात तसा.

“जुनाच झाला होता, बाबा,” असं म्हणून ते पानावर बसले आणि वरणावर तूप मागितलं.

“व्हय, जुनाच होता,” बाबा म्हणाले आणि तूप वाढा म्हणून मला खूण केली. आमच्याकडं जावयानं घर पेटवलं तरी ‘थंडीच लई होती’ म्हणतील. बाबांनी दुपारभर भिंतीकडं बघत हात मांडीवर ठेवले होते. अंगठे मात्र हलत होते.

सोमवारी मी नव्या कॉम्प्लेक्समधल्या मोबाईलच्या दुकानात गेले. तिथल्या तज्ज्ञानं गेम न उघडताच ‘डेड आहे’ म्हणून सांगितलं आणि मला नवीन फोन दाखवायला लागला. शेवटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्या चाचांकडं नेला. ह्या गेमचे स्क्रू तीन पात्यांचे. चाचांनी जुना पेचकस कानशीनं घासून तसा करून घेतला. आत फ्यूज उडालेला, वीज बदलून देणाऱ्या छोट्या पट्टीवरचा ट्रान्झिस्टर जळालेला, शेजारचा कंडेन्सर फुगलेला.

“इसका दिमाग बच गया,” माझ्याकडून सगळी हकिगत ऐकून चाचा म्हणाले. “दामाद साब को पढना नै आता क्या? अ‍ॅडॅप्टर पे लिखा रहता ना.”

इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तीन दिवस लागले. चाचांनी एका मोडक्या रेडिओतले सुटे भाग लावले, प्रत्येक ठिकाणी मीटर धरून बघितलं आणि मगच सेल घातले. गेम सुरू झाला. आवाज मात्र गेला तो गेलाच. बाबांनी तो हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही.

पुढच्या रविवारी दाजी माझ्या बहिणीला घेऊन पुन्हा आले. “बघा, मी म्हणत होतो ना, काही झालेलं नसंल!” म्हणत त्यांनी बाबांच्या हातातून गेम घेतला. मिनिटभरात ठोकळे वरपर्यंत साचले आणि खेळ संपला.

“अजून बिघडलेलाच आहे,” दाजींनी निकाल दिला.

बाबांनी गेम काढून घेतला, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. जावई घरात असताना बाबांनी दार लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दाजींच्या ते लक्षातही आलं नाही. जेवायला किती वेळ आहे, हे ते माझ्या बहिणीला विचारत होते.