बाराचा खेळ, फक्त बायकांसाठी

ओतूरला जिथं आमचं टॉकीज होतं, तिथं आता खताचं गोदाम आहे. मध्यंतरी नातवाच्या गाडीवरून जाताना मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, बघ, इथं आम्ही पिक्चर बघायचो. तो म्हणाला, आजी, इथं तर युरियाचा वास येतोय. येणारच. आमच्या वेळी शेंगांच्या फोलपटांचा, मिसरीचा आणि लहान पोरांच्या मुताचा वास यायचा, आणि तो मला लई बरा वाटायचा. हल्लीची पोरं कानात बोंडं घालून एकेकटी मोबाईलवर पिक्चर बघतात. बघा बाबा. पत्र्याखाली सगळ्यांनी मिळून रडण्यात काय सुख असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी बाराचा खेळ फक्त बायकांसाठी असायचा. डोअरकीपर तेवढा पुरुष, आणि तोही इतका म्हातारा की त्याला कुणी पुरुषात धरत नसे. बायका बाजार उरकून पिशव्यांसकट आत यायच्या. लोखंडी खांबांना झोळ्या बांधून पोरं निजवायच्या. पडद्यावर सासू सुनेला घराबाहेर काढायची, इकडं बायकांचे डोळे वाहायचे आणि हात मेथी निवडत राहायचे. घरी रडलं की कशाला रडतेस ते सांगावं लागायचं. तिथं कुणी विचारत नव्हतं.

माझं माहेर पेठ. लग्न होऊन ओतूरच्या अलीकडच्या एका गावात धाकटी सून म्हणून आले. थोरली जाऊ बोरीची. तिला मी आक्का म्हणायचे आणि सासूला आम्ही दोघी आत्याबाई. माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली असतील, तेव्हा थोरले दीर गेले. विहिरीवर मोटर चालू करायला गेले आणि शॉक लागला. सकाळी चहा पिऊन गेलेला माणूस दुपारी बाजेवरून घरी आला.

आक्का रडली नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. भेटायला येणाऱ्या बायका गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या आणि ही कोरड्या डोळ्यांनी त्यांनाच पाणी द्यायची. हिला रडवा, नाहीतर डोक्यात जाईल, असं जो तो सांगू लागला. कुणी दिरांच्या चपला आणून तिच्या पुढ्यात ठेवल्या. एका चुलतसासूनं तर तिच्या गालात मारली, तरी काही नाही. आक्का उठली आणि शेण काढायला गेली. पुढं पुढं तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. बोलणं त्याहून कमी. तिच्या पाठीचे मणके चोळीतून दिसायला लागले, तेव्हा मला भीती वाटायला लागली की ही पण जाते आता.

मी पिक्चरवेडी. माझं डोकं तिकडंच धावणार. चावडीच्या भिंतीवर टॉकीजचं पोस्टर लागलं होतं, पांढऱ्या लुगड्यातली बाई आणि तिच्या पायाशी दोन पोरं. बघून आलेल्या बायका सांगत होत्या की दगडालासुद्धा पाझर फुटेल. मनात म्हटलं, आक्काला तिथं न्यायची. पण नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईला टॉकीजला कोण सोडणार? मी आत्याबाईंना सांगितलं की हिला दवाखान्यात दाखवून आणते, टॉनिक घ्यायचंय. धडधडीत खोटं बोलले. आजही मला त्याचा पस्तावा नाही.

आक्काला एसटीत बसल्यावर खरं सांगितलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, चल कुठं न्यायचं तिथं.

टॉकीजमध्ये तिला बाकावर बसवलं, माझ्या पदरात तिच्यासाठी कोरडा रुमाल तयार. पिक्चर सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला एक जाडा माणूस धोतरात पाय अडकून शेणात पडला. बायका खो खो हसल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. उठून डोअरकीपरला गाठलं, तर तो शांतपणे म्हणाला, "त्या रडायच्या पिक्चरची पेटी कालच मंचरला गेली. आज हसायचा खेळ हाय." आमच्या गावातलं पोस्टर जुनं होतं. चिकटवणारा आलाच नव्हता आणि मी शहाणीनं वारसुद्धा वाचला नव्हता. करायला गेले एक न् झालं भलतंच.

परत येऊन आक्काला म्हटलं, चल, जाऊ घरी. ती म्हणाली, बसू दे, पाय दुखत्यात.

आणि पुढं काय यावं? तोच जाडा माणूस भावकीची परीक्षा घ्यायला मेल्याचं सोंग करतो. तिरडी बांधतात, बायका जमतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी आक्काचा हात धरला. पडद्यावरची एक आत्या छाती बडवत रडत होती आणि रडता रडता हळूच टोपल्याखाली काय झाकलंय ते बघत होती. तेवढ्यात मेलेल्याला शिंक आली.

आक्का हसली. साधी नाही, मोठ्यानं, पोट धरून, डोकं मागं टाकून. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचे दात दिसले. आणि दोन बाकं पुढं बसलेल्या बाईनं मान वळवून बघितलं. ती आमची चुलतसासू, गालात मारणारी. मध्यंतरात दिवे लागले, तर ती उठून गेलेली होती.

आम्ही पिक्चर संपेपर्यंत बसलो. परतीच्या एसटीत मी घरी काय सांगायचं ते मनात जुळवत होते. घरी आलो तर चुलतसासू आमच्याआधीच जीपनं पोचून ओट्यावर बसलेली, आणि आत्याबाई उंबऱ्यात. कुणी काही बोलायच्या आधीच मी म्हटलं की मीच नेली, मीच खोटं बोलले, काय बोलायचं ते मला बोला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"हसलीस?" त्यांनी आक्काला विचारलं.

"व्हय."

"माझा लेक जाऊन दोनच महिने झालं."

चुलतसासूनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता हिला बोरीला धाडतात. आत्याबाई मनात आणतील तर धाडतील, त्यांना अडवणारं घरात कुणी नव्हतं. आक्का अंगणातच उभी होती, पिशवीसकट.

"हसू आलं मला, आत्याबाई," ती म्हणाली. "लई हसू आलं. आन् मी हसत हसत बाजूला बघितलं, हे हसत्यात का ते बघायला. तर तिथं ही बसलेली."

एवढं बोलून तिनं माझ्याकडं बोट केलं आणि ते बोट तसंच राहिलं. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मी माणसाला असं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, टॉकीजमध्येही नाही. ती खाली मातीतच बसली. आत्याबाई उंबऱ्यातून उतरल्या, त्यांच्या गुडघ्यांना खाली बसणं जमायचं नाही तरी बसल्या, आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला हसायला लई लागायचं गं, असं म्हणून त्याही रडायला लागल्या. चुलतसासू काहीतरी बोलायला पुढं झाली.

"तू जा आता," आत्याबाई तिला म्हणाल्या. "सांगायला आली व्हतीस, सांगून झालं."

त्या संध्याकाळी धार काढायला कुणी उठलं नाही, म्हणून मी गेले. गाय सारखी मान वळवून बघत होती, कारण तिला आक्काच्या हाताची सवय. अंगणातून दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता, आक्का एकदाची रडली होती, आणि मी मेली गोठ्यात बसून एकटीच हसत होते.