तापलेल्या टायरची हवा

मी अमेरिकेला निघालो त्या दुपारी बाबांनी गाडीच्या टायरला हात लावला नाही.

अंगणात भाड्याची जीप उभी होती. आईने तिसऱ्यांदा बॅग उघडून सोड्यांच्या चटणीची बाटली आणखी एका पंच्यात गुंडाळली होती. शेजारपाजारचे जमले होते. एके काळी नवरदेवाची गाडी असो, गणपतीचा टेम्पो असो, आमच्या अंगणातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चारी टायरवर बाबा लाकडी मोगरी ठोकून बघायचे आणि मगच तिला जाऊ द्यायचे. त्या दिवशी ते हात मागे बांधून उभे राहिले. ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "पुढे पंपावर मशीननं हवा बघून घे." आज तरी ते मोगरी काढतील असं लोकांना वाटलं होतं; मग म्हणाले, मुलगा चाललाय, बापाचं मन थाऱ्यावर नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. मी जीपमध्ये बसलो आणि मान खाली घालून पायातल्या नव्या बुटांकडे बघत राहिलो.

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्या तोंडातून शब्द पकडीने ओढून काढावा लागतो. पण आता पन्नाशी उलटली. चिंचोटी, कामण, होळी या आमच्याकडच्या गावांत जे राहिले त्यांनी आणि माझ्यासारखे जे थंडीच्या मुलखात येऊन पडले त्यांनीही हे एकदा वाचावं, म्हणून लिहितो आहे.

चिंचोटी फाट्यावर हायवेला लागून बाबांचं पंक्चरचं दुकान होतं. वर पत्रा, पाण्याची टाकी, हवेचा पंप आणि बाहेर चिंचेचं झाड. हवा मोजायचं यंत्र नव्हतं. बाबा मोगरी मारायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि ऐकायचे. "आवाज घुमला पायजे, पन नाचला नाय पायजे," म्हणायचे. मग बोटं वर करून सांगायचे, तीन पाउंड कमी, दोन पाउंड जास्त. त्यांच्या बोटांवर ट्रकवाले गुजरातपर्यंत जायचे.

त्यांचा एक नेम होता. गाडी रस्त्यावरून तापून आली की ते तिच्या हवेला हात लावत नसत. "आत्ता नको. तापलाय तो. बसू दे." मग ड्रायव्हरने चिंचेखाली बसायचं, पाणी प्यायचं, शेजारच्या टपरीवर चहा घ्यायचा. अर्ध्यापाऊण तासाने बाबा टायरवर पालथा हात ठेवून बघणार आणि मगच मोगरी उचलणार. घाईतले ड्रायव्हर चिडायचे. "काय रे, चहावाल्याशी भागीदारी हाय काय तुझी?" बाबा हसायचे, पण नेम मोडायचे नाहीत. का, असं विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. त्यांच्या उस्तादाने असं शिकवलं होतं, एवढंच.

मला तो अडाणीपणा वाटायचा. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मुंबईहून पेनाएवढं हवेचं मीटर विकत आणलं होतं. शर्टाच्या खिशाला लावून फिरायचो, डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसं.

नव्वदच्या दशकातला तो एप्रिल महिना. होळी गावचे पास्कूकाका, बाबांचे दोस्त, स्वतःची भाजी आणि केळी टेम्पोत घालून मुंबईला न्यायचे. त्या सकाळी उन्हं चढायच्या आत बाबांनी त्यांचे टायर ठोकून बघितले, हवा भरली आणि बरोबर आहेत म्हणाले. काका कामणच्या बाजूला आणखी माल भरायला गेले आणि भर दुपारी लादलेला टेम्पो घेऊन फाट्यावर पाणी प्यायला थांबले. बाबा घरी जेवायला गेले होते. दुकानात मी एकटा.

मी आपणहून उठलो. मागच्या टायरला मीटर लावलं. आकडा सकाळच्या अंदाजाच्या बराच वर.

"काका, हवा जास्त झालीय. बाबा अंदाजपंचे भरतात."

"मग काढ बाबा. तू शिकलेला. आम्ही आपले मोगरीवाले."

टायरला हात लावला असता तर चटका बसला असता. मी लावला नाही. मागच्या दोन्ही टायरची हवा काढली, आकडा पाहिजे तिथे आणला. फुस्स आवाज झाला तेव्हा मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

खाडीच्या पुलाच्या अलीकडे मागचा उजवा टायर फुटला. टेम्पो कलंडला. रस्ताभर केळी. पास्कूकाकांचा गुडघा असा मोडला की पुढे तो कधी पुरता वाकलाच नाही.

संध्याकाळी दवाखान्यात काका खाटेवरून बाबांना म्हणाले, "तुझी हवा जास्त झालेली रे. पोरानं थोडी काढली म्हनून पुलापर्यंत तरी पोचलो, नायतर वाटेतच मेलो असतो." बाबा माझ्याकडे वळले. एकच प्रश्न विचारला.

"टायर बसू दिलेलास ना?"

मी म्हणालो, "हो."

इतकंच. हा एक शब्द माझा गुन्हा. त्या क्षणी तो मला खोटाही वाटला नव्हता. नेमच खुळा, तर पाळला काय आणि नाही काय. पण तो शब्द ऐकून बाबांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला. टायर थंड होता आणि तरी मीटरने जास्त दाखवलं, म्हणजे सकाळी त्यांनीच जास्त भरली. म्हणजे कान गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोगरी दुकानातल्या खिळ्याला टांगली. महिन्याभराने मोठं गोल मीटर आणलं. कोणी म्हटलं, "अरे, ठोकून बघ ना," तर म्हणायचे, "आता माझं काय खरं नाय. पोराला विचार. त्याला कळतं." मला कळतं! फाट्यावर माझं कौतुक व्हायचं. आणि बाबा दर रविवारी होळीला जाऊन पास्कूकाकांच्या वाफ्यांना पाणी घालायचे, कारण काकांना उकिडवं बसता येत नसे. मी पुढे नोकरी धरली, दोन वर्षं फुलपाड्याला भाड्याने राहिलो. चिंचोटी तिथून काही लांब नव्हती, तरी रविवारी घरी जाणं टाळायचो. आणि मग शक्य तितका दूर गेलो. लोक म्हणाले, पोरगा शिकून मोठा झाला. मला माहीत होतं, मी पळालो. मिनेसोटापर्यंत पळालो, जिथे श्वास मिशीवर गोठतो.

तिथे सात-आठ वर्षांनी आम्ही पहिली कोरी गाडी घेतली. डिसेंबरमध्ये एका रात्रीत पारा असा घसरला की सकाळी दाराची कडी हाताला चिकटत होती. गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा लागलेला. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. खाली उतरून बघितलं, चारी टायर धड दिसत होते. ऑफिस येईपर्यंत दिवा आपोआप विझला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बायको म्हणाली, "नव्या गाडीला दृष्ट लागली," आणि हसली. मी गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेलो.

गॅरेजवाला डेल नावाचा म्हातारा होता. नखांत काळं, कानावर पेन्सिल. त्याने काहीही न तपासता सांगितलं की दिवा खरं बोलतोय. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हपाशी बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवलेला असतो, त्याला स्वतःचा सेल असतो आणि तो आतला दाब गाडीला तारेविना कळवत राहतो. मग त्याने एक जुना सेन्सर माझ्या तळहातावर ठेवला. गरगर फिरणाऱ्या चाकाच्या काळोखात बसून हे एवढंसं यंत्र वर्षानुवर्षं फक्त हवेवर कान ठेवून असतं! मी त्याच्याकडे बघतच राहिलो. माझ्या ओळखीत हे काम करणारा आजवर एकच होता.

डेल बोलत होता. थंडीने टायरातली हवा आकसते. कुठेही गळती नसते, कोणी काढलेली नसते, तरी साधारण दर पाच-सहा अंशांना एक पाउंड दाब उतरतो. चाकं धावली की टायर तापतो, हवा फुगते, दाब चढतो, दिवा विझतो. म्हणून तो विझला तरी निर्धास्त राहू नकोस. गाडीच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिलाय तो थंड टायरचा आहे. गाडी काही तास उभी असेल तेव्हाच मोज आणि कमी असेल तेवढी भर.

मग पुसायचं फडकं खिशात कोंबत तो जाताजाता म्हणाला, "आणि तापलेल्या टायरची हवा कधी काढायची नाही. जास्त दिसते, पण ती जास्त नसते. काढलीस तर तो थंड झाल्यावर उपाशी असतो, आणि उपाशी टायर ओझ्याखाली वाकून वाकून आतून जळतो. मग फुटतो."

वायूचा हा नियम मी बारावीत पाठ केला होता. पेपरात लिहून पूर्ण मार्क घेतले होते. बाबांनी त्यातला एक शब्द वाचला नव्हता आणि तीस वर्षं रोज तो पाळला होता, चिंचेखाली, लोकांचे टोमणे खात. इतकी वर्षं मी स्वतःला 'कदाचित' म्हणत आलो होतो. कदाचित टायर जुना असेल, कदाचित रस्त्यात खिळा असेल. त्या दुकानात, बाहेर बर्फ पडत असताना, माझा 'कदाचित' संपला.

घरी येऊन फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती, बाबा अंगणात दात घासत होते.

"बाबा, पास्कूकाकांच्या टायरमधली तुमची हवा बरोबर होती."

"कवाची गोष्ट काढलीस?"

"मी टायर बसू दिला नव्हता. गरमच मोजला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

 पलीकडे आईने लावलेला मोटारपंप चालू होता, बादलीत पानी पडल्याचं ऐकू येत होतं. 'पाणी' लिहायला हवं, पण त्या घरातल्या बादलीत पानीच पडतं.

"म्हंजे सकाळची बरोबर होती," बाबा शेवटी म्हणाले.

"हो."

"पाउंडाचाबी फरक नवता?"

"नव्हता, बाबा."

"ठेव आता." म्हणाले, पण फोन त्यांनीच धरून ठेवला.  मग पुन्हा म्हणाले, "पास्कूला तू सांगायचं. माझ्या तोंडून नाय जानार."

दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, मी गावी गेलो. होळी गावात पास्कूकाका माठाच्या भाजीच्या वाफ्याकडेला खुर्ची टाकून बसले होते, एक पाय सरळ पुढे ताठ. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते बराच वेळ त्या पायाकडे बघत होते. मला वाटलं, आता काठी उचलतील. उचलावी असंही वाटलं.

"म्हंजे बारा वर्षं," ते म्हणाले, "मी तुझ्या बापाला उगाच माफ करीत होतो?"

मी मान हलवली.

"आनि तो गाढव उगाच माझ्या भाजीला पानी घालीत होता?" ते हसायला लागले, हसताहसता डोळे पुसले, मग हसू थांबलं. "तुला माफ करायला मात्र वेळ लागंल, अन्या. माझा पाय हाय हा. बस. उभा नको राहूस. सुनेला सांगतो चहा टाकायला." चहा होईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. कप माझ्या हातात देताना म्हणाले, "उद्या बापाला घेऊन ये. माझ्या पोराच्या टेम्पोचे टायर बघायचे हाईत. मोगरी घेऊन ये म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यांवर धुकं होतं. बाबांनी खिळ्यावरून काढलेली मोगरी धुऊन आणली होती. पालथा हात टायरवर ठेवला, थंड आहे याची खात्री केली. ठोकलं. मान तिरकी केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही. देवळात दार उघडल्यावर पहिल्या रांगेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी. तिसऱ्या टायरपाशी थांबले आणि आमच्याकडे न बघता दोन बोटं वर केली. दोन पाउंड कमी. माझ्या खिशात मीटर होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

आता बाबा नाहीत, पास्कूकाकाही नाहीत. फाट्यावरचं दुकान आणि चिंच रस्तारुंदीकरणात गेली. माझ्या मुलीला घर विचारलं तर ती मिनेसोटातला पत्ता सांगते, आणि तिचं बरोबर आहे. माझ्या गाडीत मात्र ती मोगरी असते. पहिल्या कडाक्याच्या थंडीत पिवळा दिवा लागला की मी खाली उतरून चारी टायर ठोकतो. मला काही ऐकू येत नाही, माझा कान तसा नाही. मग मीटर लावून हवी तेवढी हवा भरतो.

घर कुठलं, असं मला कोणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन, चिंचोटीला एक झाड होतं. दूरवरून तापून आलेल्याला आधी त्याच्याखाली बसवत, पाणी देत, आणि तो निवला की मगच त्याला किती भरायचं, किती काढायचं ते बघत. मला तिथे पोचायला बारा वर्षं लागली. पोचलो तेव्हा पास्कूकाका म्हणाले होते, "बस."

त्यांनी माफ केलं की नाही, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण मी गेलो की दर वेळी चहा व्हायचा, आणि तो पिऊन होईपर्यंत ते मला काही विचारत नसत.