इंटरव्हलच्या आधीचा पिक्चर

कान्हूदादाने रोह्याच्या टॉकीजमध्ये उभी हयात मशीन चालवलं, पण त्याला एकाही पिक्चरची गोष्ट सांगता येत नसे. नवा पिक्चर कसा आहे असं विचारलं की तो गंभीरपणे म्हणे, "प्रिंट बरी हाय. तिसऱ्या रिळात दोन जोड हायेत." त्याचा एक डोळा मशीनमधल्या कार्बनच्या ज्योतीवर आणि दुसरा पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर. ठिपका चमकला की रीळ बदलायचं. नायिका नायकाच्या गळ्यात पडली काय किंवा विहिरीत पडली काय, कान्हूदादाला त्याचं सोयरसुतक नसे. तिचा चेहरा स्पष्ट दिसला आणि पडदा चारी कडांपर्यंत उजेडाने भरला, की झालं. पडद्याच्या कडेला बोटभर काळोख राहिला तर मात्र त्याला जेवण जात नसे.

त्याची बायको बायजावहिनी नेमकी उलटी. तिला गोष्टच हवी असे. निडीहून संध्याकाळच्या पॅसेंजरने ती नवऱ्याचा डबा घेऊन यायची आणि टॉकीजला पोचायची ती इंटरव्हलला. गाडी उशिरा आली तर कान्हूदादा इंटरव्हल लांबवायचा आणि पब्लिकला वाटायचं, मालक आज भजी खपवतोय. मग वहिनी केबिनमध्ये रिळाच्या उपड्या डब्यावर बसायची आणि भिंतीतल्या भोकाला डोळा लावून उरलेला पिक्चर बघायची. सगळ्या जन्मात तिने शेकडो पिक्चर पाहिले, आणि सगळे इंटरव्हलनंतरचे.

परतीच्या गाडीत ती विचारायची, "आधी काय झालं वो?"

"गानी व्हती."

"आनि?"

"आनि काय? मंग तू आलीस."

शेवटी बाईने नवऱ्याचा नाद सोडला आणि इंटरव्हलच्या आधीचे पिक्चर स्वतःच तयार करायला घेतले. तिचं माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरावर राबणाऱ्यांचं. त्यामुळे तिच्या सगळ्या नायिका मिठागरावर जन्मत आणि सगळे खलनायक तिच्या धाकट्या काकासारखे बोलत. मी रोह्याला मास्तर आणि राहायला निडीलाच, शिकवण्या आटोपून रात्रीच्याच गाडीने परतायचो, तेव्हा ह्यातले बरेच पिक्चर मी गाडीत फुकट ऐकले आहेत.

एक पिक्चर मात्र तिच्या डोक्यातून जात नव्हता. त्यात इंटरव्हलनंतर नायक लंगडत येतो आणि शेवटपर्यंत लंगडतो. का, ते कुणीच बोलत नाही. कान्हूदादाने तो पिक्चर कितीतरी आठवडे चालवला होता, पण नेमका पाय मोडतो तिथेच ठिपका यायचा आणि कान्हूदादा पाठ फिरवून पुढचं रीळ चढवत असायचा. बायजावहिनीने स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. उधाण येतं, खाडीचा बांध फुटतो, नायिका चिखलात रुतते, आणि पाणी अडवायला नायक फुटलेल्या जागेत पाय घालतो. वरून बांधाचा दगड येतो.

"पन पाय खरा कसा मोडला, त्यो एकदा बगायचाय माना," ती म्हणायची.

पुढे गावोगाव व्हिडिओ आले, टॉकीज बंद पडली आणि कान्हूदादा घरी भातशेती बघू लागला. अठ्ठ्याण्णव साली वहिनीच्या पोटातलं दुखणं वाढलं. पनवेलच्या डॉक्टरांनी सगळं तपासून, घरी न्या, त्यांना आवडेल ते करा, असं सांगितलं. कान्हूदादाने विचारलं, "काय आवडंल गो तुला? देवाला जाऊ? खाडीचं म्हावरं आनू, निवट्या?"

ती म्हणाली, "त्या लंगड्याचा पिक्चर दावा. पयल्यापासून."

आता साधा माणूस कॅसेट आणून मोकळा झाला असता. पण व्हिडिओने ज्याची टॉकीज खाल्ली त्याने कॅसेट घरात घ्यायची? नाव नको! सीडी मात्र त्याला चालली, कारण ती रिळासारखी गोल असते. सीडीचा प्लेअर भाड्याने मिळत होता, पण तो देणारा तोच व्हिडिओवाला. मग राहिला मुलाचा, प्रविणचा कॉम्प्युटर. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून त्याने तो शिकण्यासाठी घेतला होता. त्याच्यावर सीडी चाले, पण त्याचा काचेचा डबा तो केवढासा, आणि तोही आतल्या खोलीत. वहिनीची खाट बाहेर, टीव्हीसमोर, चष्मा वरच्या फळीवर. प्रविण म्हणाला, "बाबा, ग्राफिक्स कार्ड बदललं तर कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीवर जातं. टीव्हीची वायर लागेल असं कार्ड पायजे."

कार्ड निवडायला आम्ही पेणला गेलो. गणपतीच्या कारखान्यांच्या रांगेत विशालचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कान्हूदादाने कार्ड हातात घेऊन उजेडाकडे धरलं, फिल्म धरावी तसं.

"लॅम्प किती पावरचा?"

"काका, ह्यात लॅम्प नसतो."

"मंग उजेड कुठनं पडतो?"

"उजेड टीव्हीचाच. हे फक्त चित्र पाठवतं."

"किती फुटांवर?"

विशालने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर वाळत ठेवलेल्या गणपतींकडे पाहिलं.

पहिलं कार्ड आलं. कान्हूदादाने नव्या पिक्चरच्या डब्यासमोर फोडत तसा त्याच्यासमोर नारळ फोडला आणि उदबत्ती ओवाळली. राख आत पडेल म्हणून प्रविण दोन्ही हात पसरून कॉम्प्युटरवर आडवा झाला होता. चित्र आलं ते काळंपांढरं, आणि सारखं वर वर सरकणारं. कार्ड परदेशातल्या टीव्हीला जुळवलेलं होतं. प्रविणने त्याची सेटिंग बदलली आणि रंग आले. चित्र थांबलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

कान्हूदादाने वाजवल्या नाहीत. चित्राच्या चारी बाजूंना बोटभर काळी कड राहिली होती.

"ऱ्हाऊ द्या वो," खाटेवरून वहिनी म्हणाली. "लावा तसाच."

"आनि तू मनशील, ऑपरेटरनं पडदा भरला नाय."

"मी कशाला मनतेय?"

"ही ट्रायल हाय. ट्रायलला पब्लिक नाय." त्याने टीव्हीवर चादर टाकली.

प्रविण चिडला. "बाबा, काळी कड कोन बगतो?"

"मी बगतो."

कार्ड परत गेलं. दुसरं आलं, त्याची कड खालून गेली आणि डावीकडून जाड झाली. तेही परत गेलं. चित्र चारी बाजूंनी ताणता येईल असं कार्ड मुंबईहून मागवावं लागेल, असं विशाल म्हणाला. मागवा, कान्हूदादा म्हणाला. त्या दिवसांत तो आठवडी बाजाराला जावं तसा पेणला जात होता, आणि विशाल त्याला लांबून बघून पाणी प्यायला आत जात होता. आम्ही त्याची खूप थट्टा केली. निडी स्टेशनवर कुणीही भेटलं की विचारी, "काय दादा, भरला का पडदा?"

पहिल्या कार्डाच्या वेळी वहिनी भिंतीला टेकून बसत होती. दुसऱ्याच्या वेळी उशीला टेकून. मुंबईचं कार्ड आलं तेव्हा ती आडवीच होती, आणि पेज भरवायला शेजारची विमलबाई येत होती.

ह्या कार्डाने मात्र पडदा भरला. चारी कडांपर्यंत. कान्हूदादाने फुटपट्टी लावून पाहिलं आणि रविवारी दुपारचा खेळ जाहीर केला. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. स्वतः दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला. देवघरातली घंटा तीनदा वाजवली आणि पहिली सीडी सरकवली. पिक्चरच्या सीड्या दोन असतात, पहिलीत इंटरव्हलच्या आधीचा भाग, दुसरीत नंतरचा.

नावं सुरू झाली आणि बायजावहिनी म्हणाली, "अगो बाय! हितं नावं पन असतात?"

ती कुशीवर वळून बघत होती. नायिकेचं लहानपण आलं, तिची आई आली. वहिनी अधूनमधून विमलबाईला सांगत होती, "ही म्हातारी फुडं मरनार हाय, मी बगितलंय." एकदा कळ आली तेव्हा तिने डोळे मिटले. कान्हूदादाने ताबडतोब पिक्चर थांबवला आणि तिने डोळे उघडेपर्यंत थांबवूनच ठेवला. टॉकीजमध्ये त्याने असं कुणासाठी केलं असतं तर पब्लिकने खुर्च्या फेकल्या असत्या.

मग गाणं लागलं. नायक मोटरसायकलवर, मागे वळून नायिकेला हात करतोय. वळण आलं, मोटरसायकल घसरली, नायक शेताच्या कडेला पडला. पुढच्या दृश्यात पायाला प्लास्टर.



"येवढंच?" वहिनी म्हणाली.

आणि हसली. हसताना पोट दुखत होतं म्हणून दोन्ही हातांनी पोट दाबून हसली. "गाडीवरनं पडला! अवो, माजा किती बरा व्हता!"

"तुजाच बरा व्हता," कान्हूदादा म्हणाला.

सीडी संपली. त्याने दुसरी हातात घेतली. ती म्हणाली, "नको आता. फुडचा पाठ हाय माना. दमलेय मी."

तो सीडी हातात धरून उभा राहिला. ती झोपली होती.

आठवडा गेला आणि ती गेली.

दहाव्याला नदीवरून परत येताना कान्हूदादा माझ्या बरोबरीने चालत होता. मध्येच थांबून म्हणाला, "मास्तर, तुमी बगितलंत? पिक्चर बगताना चष्मा नव्हता तिच्या डोळ्यांवर."

मला आठवलं, चष्मा फळीवर होता. आम्ही कुणीच तो तिला दिला नव्हता, आणि तिने मागितला नव्हता.

"तिला कड दिसलीच नसती. भिताडाला टेकून बसली व्हती तवाच दोन्ही सीड्या झाल्या असत्या."

 

घरी तिच्या माहेरच्या बायका जमल्या होत्या. तिने शेवटी पिक्चर बघितला हे त्यांच्या कानावर गेलं होतं. एका म्हातारीने विचारलं, "कान्हू, काय व्हतं रं त्या पिक्चरात?"

मला वाटलं, आता हा प्रिंटबद्दल सांगणार. पण कान्हूदादा जमिनीवर बसला, टॉवेल मांडीवर घेतला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने पिक्चरची गोष्ट सांगायला घेतली.

"एक पोरगी असते, मिठागरावरची," तो म्हणाला. "मोठ्या उधाणाला बांध फुटतो..."

प्रविणने माझ्याकडे पाहिलं. विमलबाईनेही पाहिलं. मोटरसायकलचं नाव आमच्यापैकी कुणी काढलं नाही. कान्हूदादाने बांध फोडला, पोरीला चिखलात रुतवलं, नायकाचा पाय दगडाखाली घातला. बायका डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या.

"मंग?" म्हातारीने विचारलं. "पुढं काय झालं?"

टीव्हीवरच्या डबीत दुसरी सीडी होती, न लावलेली. कान्हूदादाने तिकडे पाहिलं.

"पुढचं तिला ठाव व्हतं," तो म्हणाला.