डॉक नंबर चौदा

माझ्या टेबलावर एक छोटा बटणांचा फोन पडला होता. मागचं झाकण निघू नये म्हणून त्याला रबरबँड लावलेला. टेबलाच्या एका बाजूला आमचे ऑपरेशन्स हेड त्यागी सर उभे होते, दुसऱ्या बाजूला वनिता.

"जॅकेट के अस्तर में सिलके रखा था," त्यागी सर म्हणाले. "चेकिंग में मिला. इसका गेट बंद कर दीजिए."

"बस गं," मी वनिताला म्हणाले.

"बिठाने की क्या जरूरत है?"

"केबिन माझी आहे, सर."

आता हे गेट बंद प्रकरण काय ते सांगते. मी दापोड्यातल्या एका गोदामात एचआर आहे. लोकांनी मोबाइलवर मागवलेल्या वस्तू आमच्याकडे रॅकवर असतात. वनितासारखे पिकर हातात स्कॅनर घेऊन दिवसभर चालतात, स्क्रीनवर येईल ती वस्तू रॅकमधून काढतात आणि क्रेटमध्ये टाकतात. माल चोरीला जाऊ नये, फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून फोन आत नेता येत नाही. तो गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, शिफ्ट सुटली की घ्यायचा. जो फोनसकट सापडेल त्याचं गेट बंद. म्हणजे त्याला कामावरून काढलं असं कोणी म्हणत नाही. पत्र नाही, नोटीस नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड लावलं की गेट उघडत नाही आणि कॉन्ट्रॅक्टर त्याच्या जागी दुसरं माणूस पाठवतो. अगदी स्वच्छ काम. फक्त ते कार्ड ब्लॉक करायची कमांड माझ्या लॉगिनमधून जाते. त्यागी सरांच्या नाही.

"चौकशी करून सांगते," मी म्हणाले, आणि त्यागी सर पाय आपटत गेले.

"फोन कशाला ठेवलास?"

"घरी पेशंट हाय."

"काय झालंय?"

"ताप."

"कधीपासून?"

"चार वर्सं झाली."

"चार वर्षं कुणाला ताप येत नाही, वनिता."

ती एकदम बोलायला लागली. वनिता डोंगराकडच्या पाड्यावरची. घरी थोडी भातशेती, बाकी मजुरी. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला, काशिनाथला घेऊन ती कशेळीला भाड्याच्या खोलीत राहायला आली. काशिनाथ ट्रकवर माल चढवायचा. एक दिवस त्याला कुणीतरी कानात बोलतंय असं वाटू लागलं. आधी पाड्यावरच्या भगताकडे नेलं, मग सरकारी दवाखान्यात. गोळ्या चालू झाल्या, फरक पडला. स्वयंपाक करतो, खोली झाडतो, शेजाऱ्यांच्या पोरांना चिडवतोसुद्धा. पण अधूनमधून आवाज परत येतात, आणि मग तो उठून खाडीच्या पुलाकडे चालू लागतो. शेजारच्या काकूंनी तो निघालेला पाहिला की त्या मिसकॉल देतात. अस्तरातला फोन त्या एका मिसकॉलसाठी होता.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"वेड्याची बहीन म्हनून कोन ठेवील कामाला?"

मला राग आला. तिचा नाही. आमच्या कँटीनमध्ये हात धुवायच्या बेसिनवर हेड ऑफिसनं पाठवलेलं एक सुंदर पोस्टर आहे. गोऱ्या बाईचा हसरा फोटो, खाली इंग्रजीत 'आम्ही ऐकतोय' अशा अर्थाचं काहीतरी, आणि हेल्पलाइनचा नंबर. फोन गेटवर कुलपात आणि नंबर कँटीनच्या भिंतीवर. हा विचार ज्याच्या डोक्यातून निघाला त्याचा प्रमोशनसाठी नक्की विचार झाला असणार.

तरी म्हटलं, विचारून बघू. वनितासमोरच मी माझ्या केबिनमधून नंबर लावला. पलीकडे फारच गोड आवाजातली मुलगी.

"मॅम, एम्प्लॉयी कोड सांगता?"

"त्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत."

"मग सॉरी मॅम, ही फॅसिलिटी ऑनरोल स्टाफसाठी आहे."

ऑनरोल म्हणजे कंपनीच्या थेट पगारावर असलेले. आमच्या साइटवर ते म्हणजे मी, त्यागी सर आणि एसी केबिनमधली बाकीची मंडळी. गोदामात दिवसभर चालणारे सगळे कॉन्ट्रॅक्टवर.

"म्हणजे ज्याला एसी आहे त्याचंच डोकं तापतं का?" मी विचारलं.

"मॅम, तुमचा फीडबॅक नोंदवू का?"

"नोंदवा. मोठ्या अक्षरात नोंदवा."

संध्याकाळी त्यागी सर परत आले. "हो गया ब्लॉक?"

"नाही."

"मॅडम, हम वेअरहाऊस चलाते हैं, हॉस्पिटल नहीं."

"म्हणूनच तिनं तुमच्याकडे औषध मागितलेलं नाही. घरून निरोप आला तर तो तिला मिळावा, एवढंच आहे."

"रूल सबके लिए रूल है."

"मग मला मेल करा. 'भाऊ आजारी आहे हे माहीत असूनही हिचं कार्ड ब्लॉक करा' असं लिहा. खाली तुमचं नाव. मी लगेच करते."

त्यागी सर माणूस वाईट नाही. दोन पोरींचा बाप आहे, दिवाळीला सगळ्यांना स्वतः मिठाई वाटतो. पण वरून डिस्पॅचचं टार्गेट आलं की त्याला माणूस दिसत नाही, नुसता स्कॅनर चालताना दिसतो. मेल मात्र त्यानं केला नाही. कपाळ चोळत म्हणाला, "तो सोल्यूशन दीजिए."

सोल्यूशन गेटवरच होतं. गेटच्या चौकीत लँडलाइन आहे, ट्रान्सपोर्टवाले त्यावर गाड्यांची चौकशी करतात. शेजारीच माइक आहे, त्यावरून गाड्यांना डॉकवर बोलावतात. डॉक म्हणजे गोदामाला गाडी मागून लावायची जागा. आमच्याकडे असे बारा डॉक आहेत. चौकीत अन्सारी चाचा बसतात. आधी ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, त्या खडखडाटानं कान थोडा गेलाय, त्यामुळे माइकवर असे ओरडतात की पलीकडच्या कंपाउंडातल्या गाड्याही सुरू होतात. काकूंनी लँडलाइनवर फोन करायचा, चाचांनी माइकवरून पुकारायचं, वनितानं गेटवर यायचं.

"ठीक है," त्यागी सर म्हणाले. "मगर किसीको पता नहीं चलना चाहिए. नहीं तो कल सबके घर में पेशंट निकलेगा."

वनितालाही तेच हवं होतं. नाव नको, कारण नको. म्हणून मी डोकं चालवलं: चाचांनी पुकारायचं, 'डॉक नंबर चौदा'. आमच्याकडे चौदावा डॉकच नाही, म्हणजे कुणाचं लक्ष जायचं कारण नाही. मला माझाच फार अभिमान वाटला.

ज्यानं कधी दापोड्यात गाड्यांची लाइन पाहिली नाही त्यालाच असली आयडिया सुचू शकते, आणि मी तर इथे रोज येते. आमच्याकडे ड्रायव्हर पहाटेपासून नंबर लावून बसतात. डॉक मिळेपर्यंत गाडीच्या केबिनमध्येच स्वयंपाक, आंघोळ, झोप. त्या माणसांचे कान फक्त एका गोष्टीकडे लागलेले असतात: माइकवरच्या डॉक नंबरकडे.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, काकूंचा फोन आला. काशिनाथ पुलाकडे निघाला होता. चाचांनी माइक तोंडाला लावला, "डॉक नंबर चौदा! डॉक नंबर चौदा!"

लाइनीतल्या सगळ्या ड्रायव्हरांना वाटलं, नवा डॉक उघडला. पुढच्यानं गाडी काढली. त्याच्या मागच्यानं त्याला कट मारला. तिसरा उलट्या बाजूनं आत शिरला. बघता बघता आमच्या आवारात एक कंटेनर आडवा, त्याच्या पोटाला एक टेम्पो टेकलेला, गेटच्या तोंडात मोठा ट्रक फसलेला, आणि प्रत्येक जण हॉर्नवर हात दाबून चौदा नंबर कुठे आहे ते विचारतोय. बाहेरच्या रस्त्यावर जाम लागला. मी धावत खाली आले तर त्यागी सर गाड्यांच्या मध्ये उभे, चेहरा लालबुंद.

"किसने अनाउन्स किया? कौन सा चौदा? यहाँ चौदा है ही नहीं!"

चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वनिता आली. हातात स्कॅनर तसाच. बाहेर जायचं म्हटलं तर गेटात ट्रक. ती कंटेनर आणि टेम्पोच्या फटीतून घुसली, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली.

"माज्यासाठी व्हता तो चौदा नंबर! माज्या भावासाठी! त्याच्या डोक्याचा आजार हाय, तो पुलाकडं चाललाय. मना जाऊ द्या! आनि पुढच्या टायमाला नाव घिऊन पुकारा. वनिता म्हना. मी काय चोरी न्हाय केली."

हॉर्न एकेक करत थांबले.

गेटातल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून खाली वाकला. पठ्ठ्या उत्तरेकडचा, दाढी वाढलेली. "मेरी भी माँ ऐसी है," तो म्हणाला. "गाँव में है. हटो सब, पीछे लो." मग त्यानं स्वतः खाली उतरून मागच्या गाड्या एकेक करून मागे घ्यायला लावल्या. चाचांनी स्कूटर काढली, वनिताला मागे बसवलं आणि कुणाला न सांगताच ड्युटी सोडून निघाले. त्यांना पाहून मला पहिल्यांदा वाटलं, आता आपली नोकरी जायची तर जाऊ दे.

काशिनाथ पुलाच्या अलीकडे भेटला. एका टपरीवाल्यानं त्याला बाकड्यावर बसवून चहा दिला होता. वनिता संध्याकाळी त्याला घेऊनच गेटवर आली, स्कॅनर परत द्यायला. सगळ्यांसमोर त्याचं आजारपण ओरडून सांगितलं, ते तिला लागून राहिलं होतं. तिनं त्याला तिथंच विचारलं, "रागावलास काय रं?" तो ट्रकांकडे बघत म्हणाला, "सांग की. आजारी हाय तर हाय. आवाजाला मी बोलावत न्हाय."

त्यागी सर म्हणाले होते तसंच झालं. दुसऱ्या दिवशी खरंच सगळ्यांच्या घरात पेशंट निघाले. पॅकिंगमधल्या एका बाईच्या नवऱ्याला घराबाहेर पडायचीच भीती वाटते. फोर्कलिफ्टवाल्याच्या आईला सगळे शेजारी विष घालतात असं वाटतं. आणि अन्सारी चाचांची बायको कितीतरी महिने कुणाशी बोललेली नाही, हे मला त्यांच्याबरोबर इतकी वर्षं चहा पिऊनही कळलं नव्हतं. "किसको बोलता मॅडम?" चाचा म्हणाले. "गेट पे तो सब गाडी का पूछते हैं."

ही पेशंट काढायची साथ नव्हती. माणसं आधीपासून होतीच, फक्त एकमेकांपासून लपून होती.

चहाच्या सुट्टीत ती माणसं रिकाम्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांवर, एकत्र बसायला लागली. मी त्याला काही नाव दिलं नाही. नाव दिलं की हेड ऑफिस बॅनर पाठवतं. सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेविका ताईंना मी बोलावलं. त्या आल्या, पॅलेटवरच बसल्या आणि साध्या भाषेत बोलल्या. या आजाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आवाज थांबले म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. दीर्घ आजार असेल तर अपंगत्वाचा दाखला निघतो. सरकारचीही हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि एम्प्लॉयी कोड लागत नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?"

सगळ्यांना वाटलं पेशंटबद्दल विचारतायत.

"पेशंट नाही. तुम्ही. सांभाळणारे."

वनिताच्या डोळ्याला धार लागली आणि तिनं ती पुसलीही नाही. चार वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानंतर मंडळींनीच आपापसात ठरवलं: एकाला दवाखान्यात जायचं असेल तर दुसऱ्यानं त्याची शिफ्ट घ्यायची, आणि एकाला नुसतं झोपायचं असेल तर त्याच्या घरी तिसऱ्यानं जाऊन बसायचं. चाचांची बायको काशिनाथशी दोन शब्द बोलली असं ऐकलं. खरंखोटं मी विचारलं नाही.

जामची बातमी हेड ऑफिसला पोचली होतीच. मला मेल आला: अनाउन्समेंट सिस्टीमचा खाजगी वापर का झाला, खुलासा करा. मी लिहिलं, वापर झाला, यापुढेही होईल, बंद करायचा असेल तर लेखी आदेश द्यावा. पुढचा मेल बऱ्याच दिवसांनी आला आणि त्यात सूर पार बदललेला. तुमच्या साइटवरचा ग्रुप फार प्रेरणादायी आहे, कंपनीच्या मासिकात छापायचा आहे, फोटोग्राफर पाठवत आहोत.

फोटोग्राफर आला. त्यागी सर नवा शर्ट घालून आले. मंडळींना पॅलेटवर ओळीनं बसवलं. "स्माइल," फोटोग्राफर म्हणाला.

वनिता उठली.

"फोटू मंग काढा," ती त्यागी सरांना म्हणाली. "आधी लिवून द्या. गेटवर घरचा फोन आला तर पुकारायचा. आनि दवाखान्याच्या दिशी अर्ध्या दिसाचा पगार कापायचा न्हाय."

"ये मेरे हाथ में नहीं है," त्यागी सर म्हणाले.

"मंग तोंड पन आमच्या हातात न्हाय," ती म्हणाली आणि ओढणीनं चेहरा झाकून बसली. बाकीच्यांनीही रुमाल वर ओढले. फोटोग्राफरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मासिकात त्या महिन्यात दुसऱ्या साइटची वृक्षारोपणाची पानं आली. घरचा फोन आला तर पुकारायचा, हा नियम मात्र नोटीस बोर्डावर लागला, त्यागी सरांच्या सहीनं. अर्ध्या दिवसाचा पगार अजून मंजूर झालेला नाही. मी तो कापतही नाही. ऑडिटमध्ये दिसेल तेव्हा दिसेल. इतकी वर्षं एचआरमध्ये काढून मला एक गोष्ट समजली आहे: माणसांच्या उपयोगाची सोय आधी सुरू करावी, परवानगी मागू नये. परवानगी द्यायला सही लागते, तशी सोय बंद करायलाही लागते, आणि त्या दुसऱ्या कागदावर सही करायला आजवर कुणी पुढे आलेलं नाही.